टबाच्या वरच्या भोकाची चकती

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ओळ सोडून खाली उतरतं. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं हे मला आजही नीट कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. औरादकडच्या आमच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला दुसऱ्या गावी जायचं आणि तिथं कन्नड शिकायचं. वडील म्हणाले, ही पोरगी घरात मराठीसुद्धा बोलत नाही, ती परक्या गावात जाऊन कन्नड काय बोलणार? ते काही खोटं नव्हतं. मला बोलता येतं, पण समोर माणूस असला की येत नाही.

म्हणून लिहिते. ही वही कुणी वाचावी असं मला वाटत नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी, वही कधी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

लिहायचं आहे ते टबाबद्दल.

आम्ही बिदरला राहतो, जवळच्या कोळारकडे जाणाऱ्या रस्त्याला, वरच्या मजल्यावर भाड्यानं. नवरा कोळारच्या एका गोदामात माल चढवायच्या गाडीवर आहे. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. सोबत सासू. तिला मी आत्या म्हणते. खाली घरमालक राहतात. त्यांना सगळे अप्पा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला अक्का. अप्पांचं पूर्वी बी-बियाण्याचं दुकान होतं. आता सकाळी कपाळभर विभूती लावून लिंगपूजेला बसतात, आणि उरलेला दिवस गच्चीवरच्या टाकीत वाकून पाणी किती राहिलं ते बघतात.

हे घर मिळण्याआधी आम्ही पुष्कळ घरं पाहिली. मालक आधी गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की त्यांना आठवायचं की हे घर तर पुतण्याला द्यायचं कबूल केलंय. बिदरमध्ये इतक्या पुतण्यांना घर पाहिजे होतं हे मला आधी माहीत नव्हतं. शेवटी सासू म्हणाली, "आपल्यालाबी एखादा चुलता असता तर बरं झालं असतं."

अप्पांनी मात्र एकच विचारलं, "पानी जपून वापरताव का?"

नवरा म्हणाला, "व्हय अप्पा."

सासू मागून म्हणाली, "आमी डोक्यावर आनून प्यालेली मानसं हाव."

अप्पांनी तिथंच किल्ली काढून दिली. आम्ही आत गेलो, कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती ठेवली, आणि त्या दिवसापासून मला एकच धास्ती लागली. आपल्या हातून या घरात काही बिघडायला नको आणि अप्पांनी घर खाली करा म्हणायला नको. परत त्या पुतण्यांच्या दारांत उभं राहायची माझी तयारी नव्हती.

आता टब. वरचा मजला अप्पांच्या मुलानं बांधवून घेतलेला. तो परदेशात असतो. नकाशा तिकडूनच पाठवला आणि न्हाणीघरात टब काढला. भोवती विटांचा कट्टा, त्यावर निळी फरशी. अप्पांची सून एकदा उन्हाळ्यात आली, नळाला पाणी आलं त्या दिवशी टबात एकदा बसली आणि नळाला पुढचं पाणी यायच्या आत परत गेली. मग अप्पांनी मजला भाड्यानं द्यायला काढला.

सासूनं टब पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याभोवती फिरली.

"हे आंगुळीला? मानूस धुवायचं हाय का म्हैस?"

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी सकाळी पाणी येतं. तेव्हा टबात बसणं वगैरे आमच्या मनातही आलं नाही. आम्ही त्याचा हौद केला. बुडाच्या भोकाला रबरी बूच होतंच, ते पक्कं बसवलं, वर फळी टाकली, फळीवर जुनं चवाळं. एवढं पाणी घरात साठलेलं बघून सासू पहिल्या दिवशी जेवली सुद्धा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून.

टबाच्या एका टोकाला, आतल्या बाजूनं, काठाखाली आडव्या हाताच्या अंतरावर एक गोल चकती होती. स्टीलची, चकचकीत, वाटीच्या तोंडाएवढी. ती कशासाठी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी समजले, शोभेला असेल. सासूनं तिचा आरसा केला. रोज सकाळी टबाच्या काठावर बसून, मान वाकडी करून, त्या चकतीत दात बघत ती मिश्री लावायची. चकतीला खालच्या अंगाला एक खाच होती. काही दिवसांनी सासूनं त्या खाचेत तारेचा आकडा अडकवला. आकड्याला आधी तांब्या लटकला, मग छोटी बादली. आणि एका सकाळी तिनं ती बादली भरून लटकवली.

मी मशिनीवर होते. आधी 'टण' असा आवाज आला, मग 'बुडुक' असा, मग सासूचा.

"नुसती चिटकवली होती गं! जीवच नव्हता तिच्यात."

चकती मधूनच चिरली होती. ती दोन स्क्रूंवर बसवलेली होती. एक निखळून पाण्यात गेला होता, दुसरा गंजून तिथंच अडकला होता. चकतीच्या मागं लिंबू जाईल एवढं भोक. आत वाकून बघितलं तर पाइपाचं तोंड, आणि टब आणि पाइप यांच्या मध्ये एक काळं रबर, सुकून बोराच्या सालीसारखं झालेलं. बोट लावलं की भुगा.

मी म्हटलं, "आत्या, आता भोकाच्या खालीच भरत जाऊ."

"अन् वरचं आडव्या हाताएवढं रिकामं सोडायचं? नळाला पानी चालू असताना?" सासूनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी ताटात अन्न टाकून उठले. तिनं जुन्या लुगड्याच्या चिंधीचा बोळा केला, भोकात कोंबला, आणि पुढच्या पाण्याला टब काठोकाठ भरला. मी पाठ वळवली की ती भरणारच हे मला कळून चुकलं.

त्यानंतर काही दिवसांनी अक्कांनी मला खाली बोलावलं. मला वाटलं ब्लाउजचं माप द्यायचं असेल. पण त्यांनी मला आतल्या खोलीच्या दारात नेलं. अप्पा पूजेला बसले होते, डावा तळहात छातीसमोर, त्यावर लिंग, नजर त्यावर खिळलेली.

"आवाज करू नगं तंगी," अक्का कुजबुजल्या. त्या कधी मला पोरी म्हणतात, कधी तंगी, म्हणजे धाकटी बहीण. "बघ."

मी बघितलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग वरून एक थेंब आला आणि अप्पांच्या टकलावर बरोबर मधोमध पडला. अप्पा हलले नाहीत. थेंब घरंगळत कपाळावरच्या विभूतीपर्यंत आला आणि थांबला.

अक्कांनी हात जोडले. "अभिषेक! तीन पिढ्यांची पूजा हाय घरात. फळाला आली."

मी वर बघितलं. छतावर ओला डाग होता, टबाच्या त्या टोकाच्या अगदी खाली. "व्हय अक्का" एवढंच तोंडातून आलं आणि मी जिना चढून पळाले.

सासूला सांगितलं. तिनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. "देवाला पानीच टाकायचं असंल तर आमच्या गावाकडल्या तुरीवर टाकावं की. टकलावर कामून?"

"आत्या, हसू नका. ते आपल्या टबाचं पाणी आहे."

"मग चांगलं पानी हाय की. नळाचं हाय."

इथवर असतं तरी मी कदाचित चिंध्याच कोंबत बसले असते. पण अक्कांनी ही गोष्ट गल्लीत सांगितली. नळाला पाणी आलं की सकाळी एक-दोघी शेजारणी खाली येऊन बसू लागल्या. एकीनं तर वाटी आणली. चार थेंब जमवून घरी नेले आणि सासऱ्याच्या गुडघ्याला लावले. दुसऱ्या दिवशी सासरा दुकानापर्यंत चालत गेला.

हे ऐकून माझी सासू खरंच चिडली. "आपल्या टबाच्या पान्यानं गुडघं बरं व्हायलंय तर मी कामून लंगडायलेय इतके दिवस?"

मला मात्र रात्रीचं जेवण जाईना. गुडघ्याला लावलं ठीक, उद्या कुणी तीर्थ म्हणून प्यालं तर? ते पाणी पाइपावरून, विटांवरून, कुठून कुठून झिरपत येतंय. आणि ते आमच्या न्हाणीघरातून येतंय हे कळल्यावर अक्का आणि गल्ली काय म्हणेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यात अक्कांनी जाहीर केलं की पुढच्या पाण्याला निर्ण्याहून त्यांची थोरली बहीण येणार आहे, मुद्दाम बघायला.

नवरा म्हणाला, "मी अप्पाला सांगून टाकतो की."

मी म्हटलं, "नको."

"मग प्लंबर आणू."

बिदरचा प्लंबर म्हणजे गल्लीच्या टोकापासून ओरडत येणार, कुणाचं गळायलंय, कुठं गळायलंय. मी परत म्हटलं, "नको." लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला एका दिवसात दोनदा नको म्हटलं नव्हतं.

मी चिरलेली चकती रुमालात गुंडाळली, पदराखाली धरली आणि रिक्षा करून जुन्या बाजारात गेले. नळाच्या सामानाचं दुकान होतं. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा, पुढं सगळे पुरुष. मी एका बाजूला उभी राहिले. पुरुष गेले, दुसरे आले, तेही गेले. चाचांनी मला तिसऱ्यांदा बघितलं.

"क्या होना अम्मा?"

"झाकण," मी म्हटलं.

"कायका झाकन?"

"गोल."

त्यांनी मोरीची जाळी काढून ठेवली. मी मान हलवली. बेसिनची जाळी काढली. मी मान हलवली. टाकीचं बूच, गॅसच्या शेगडीची चकती, गोल म्हणून दुकानात जे जे होतं ते सगळं त्यांनी फळीवर मांडलं. एक गिऱ्हाईक तर त्यातलंच एक उचलून किंमत विचारू लागलं.

"अम्मा, भोक कायकू है वो तो बोलो!"

आता भोक कशाला आहे ते मी चार पुरुषांसमोर काय बोलू? शेवटी पदराखालून रुमाल काढला आणि फळीवर ठेवून उघडला. चाचांनी चकती उचलली, चष्मा कपाळावर सारला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगे मां! ये तो बाथटब का है! टब है तुमारे घर में?"

सगळे पुरुष वळून माझ्याकडं बघू लागले. माझ्या पायात घासलेली चप्पल, हातात रिक्षाचे सुटे पैसे. मी एखाद्या राजवाड्यातून ती चकती चोरून आणली असावी असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"पाणी भरायला आहे," मी म्हटलं. म्हणजे आमचा नाही, बसत नाही, असं सगळं सांगायचं होतं, पण तेवढंच आलं.

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "हौ, अक्कल का काम करे." मग आत गेले. बराच वेळ डबे हलवल्याचा आवाज आला. कुठल्याशा लॉजच्या कामासाठी आणलेली एक चकती पडून होती, रबर आणि स्क्रू सकट. खोका धुळीनं भरला होता. किंमत ऐकली तर ती माझ्या दहा-बारा ब्लाउजांची शिलाई होती.

"तुकड्यात नहीं देतुं, पूरा सेट लेना," चाचा म्हणाले. "और सुनो अम्मा. रबर ये चकती के पीछे नक्को लगाओ, सब वईच करते. टब के पीछे, टब और पाइप के बीच में. मोटा बाजू ऊपर. और खाच नीचे."

मी ते मनात तीनदा म्हटलं, खोका ठेवायला सांगितला आणि घरी आले, पैशासाठी.

घरात पैसे एकाच माणसाकडं असतात. सासूच्या कमरेला चंची असते. पानसुपारी वरच्या कप्प्यात आणि पेन्शनचे पैसे तळाशी.

"कशाला पायजेत?"

"चकतीला."

"फुटली कशी म्हनायची ती?"

ती बादली भरून कुणी लटकवली हे मी म्हणू शकले असते. आतापर्यंत लिहिताना दोनदा म्हटलं. पण तेव्हा नाही म्हणाले.

"बरं," सासू म्हणाली आणि चंची सोडली. "पन हे उसने हायेत. तोंडात जीभ न्हाई म्हनून मी विसरन असं समजू नगंस. रिक्षाचं बी धर त्यातच."

खोका घरी आला त्या दिवशी दुपारी टब भोकाच्या खाली होता. मी साडी खोचून टबाच्या काठावर पालथी झाले. चिंधीचा बोळा काढला. गंजलेल्या स्क्रूला खोबरेल तेल सोडलं, थोडं थांबले, मग मशिनीच्या डब्यातला लहान पेचकस लावला. तो फिरेना. सासूनं चंचीतून अडकित्ता काढून दिला. अडकित्त्यानं स्क्रूचं डोकं धरलं, कचकन दाबलं, आणि तो निघाला. अडकित्त्याला एक दात पडला. सासूनं तो उजेडात धरून बघितला आणि तोही हिशोबात धरला असणार.

स्क्रू निघाला आणि मागचा पाइप सैल झाला. हे चाचांनी सांगितलं नव्हतं. पाइप हळूच मागं सरकू लागला, विटांच्या पोकळीत. तो आत गेला असता तर कट्टा फोडल्याशिवाय हाती आला नसता. मी झटकन भोकात बोट घातलं आणि पाइपाच्या तोंडात त्याच बोटाचा आकडा करून धरलं.

आता एक बोट पाइपात. रबर माझ्या मागं, खोक्यात.

"आत्या, रबर द्या."

सासूनं चकती दिली.

"हे नाही, रबर. काळं."

सासूनं टबाच्या बुडाचं बूच काढायला हात घातला. तेही काळंच होतं. "ते नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालपर्यंत गेलं असावं, कारण जिन्यावर पावलं वाजली आणि न्हाणीघराच्या दारात अक्का उभ्या राहिल्या. हातात निर्ण्याच्या बहिणीसाठी केलेल्या शेंगाच्या पोळ्या, ताटलीत दोन.

अक्कांना दिसलं ते असं. मी टबावर पालथी, पाय हवेत, एक बोट भिंतीकडच्या भोकात. सासू शेजारी अडकित्ता घेऊन.

"काय करायलीस गं पोरी?"

सासूनं माझ्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं.

"बोट अडकलंय तिचं."

"अगं बाई! मग अडकित्ता कशाला?"

"न्हाई निघालं तर," सासू म्हणाली.

अक्का पांढऱ्या पडल्या. "थांबा, मी अप्पाला बोलावते!"

"नको!" माझा आयुष्यातला दुसरा मोठा आवाज. "निघतंय अक्का. निघतंय."

"साबन लाव गं," म्हणत अक्कांनी ताटली खाली ठेवली. "उद्या पानी येनार, बहीन आज संध्याकाळी येतीय. तू बी ये सकाळी खाली. बोट घेऊन ये म्हंजी झालं." आणि जिना उतरताना पुन्हा ओरडल्या, "साबन!"

त्या गेल्यावर सासूनं योग्य ते रबर दिलं. ते दुमडून भोकातून पलीकडं न्यायचं, तिथं उलगडायचं, आणि पाइप त्यावर ओढून घ्यायचा, सगळं एका हातानं, न बघता. पण मशिनीच्या बॉबिनवर दोरा भरायच्या चाकाचं रबर मी वर्षानुवर्षं असंच बदलत आले आहे, तेही न बघता. बोटांना ते कळलं. जाड बाजू वर आली. मी चकती लावली, दोन्ही स्क्रू आळीपाळीनं पिळले, आणि मागचा पाइप टबाला येऊन घट्ट बसला तेव्हा ते धावत जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

"झालं," मी सासूला म्हटलं.

सासूनं वाकून नव्या चकतीत दात बघितले. "खाच वर हाय," ती म्हणाली.

खाच वर होती. परत सगळं काढलं. परत बोट पाइपात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मी सासूला म्हटलं, "आज काठोकाठ भरा." तिचा विश्वास बसेना. मी खाली गेले आणि खोलीत दाराजवळ, सगळ्यांच्या मागं बसले. निर्ण्याची बहीण पुढं, तिच्या हातात चांदीची वाटी. शेजारणी दोन्ही बाजूंना. अप्पा पूजेला बसलेले. त्या खोलीत सगळ्या बायका थेंब पडावा म्हणून हात जोडून बसल्या होत्या, आणि मी एकटीच तो पडू नये म्हणून. वरून टब भरल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला. म्हणजे भरला.

थेंब आला नाही.

अप्पांची पूजा संपली. त्यांनी लिंग कपाळाला लावून गळ्यातल्या करंड्यात ठेवलं. तरी आला नाही. बहिणीनं वाटी मांडीवर ठेवली. अक्का छताकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. मी पाणी थांबवलं होतं, पण ते थांबल्यावर अक्कांचं असं होईल याचा विचार मी केला नव्हता.

"आज कामून न्हाई?" अक्का बारीक आवाजात म्हणाल्या. "काही चुकलं का आपलं?"

अप्पांनी टकलावरून हात फिरवला. तो कोरडा होता. त्यांनी वर बघितलं, मग बायकांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडं.

"चुकलं न्हाई. दुरुस्त झालं वाटतंय."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. मी दाराच्या चौकटीत जेवढं शिरता येतं तेवढं शिरले.

"तुला मी पहिल्याच दिवशी म्हन्लो होतो," अप्पा बायकोला म्हणाले. "वरनं गळायलंय म्हनून. ऐकलीस का?"

"म्हन्लाव," अक्का म्हणाल्या. "पन पूजेत बसून कुनी गळायलंय म्हनतंय का? मला वाटलं तुमी भक्तीनं म्हनायलाव."

निर्ण्याची बहीण हसली. तिचं हसू थांबेना. मग शेजारणी हसल्या, ज्यांच्या सासऱ्याचा गुडघा बरा झाला होता त्या सोडून. अक्का उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला, सुशीला गार व्हायलाय," आणि सगळ्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला वाढला. मला सगळ्यांत शेवटी वाढला, पण वाढला. पुढं काही दिवस त्या मला तंगी म्हणाल्या नाहीत. आता परत म्हणतात. आणि कुणी विचारलं तर सांगतात, थोडे दिवस पडत होतं पाणी, मग आपोआप थांबलं.

त्या दुपारी अप्पा वर आले. मी न्हाणीघराच्या दाराआड उभी राहिले. आता म्हणतील, घर खाली करा. मी नवऱ्याला काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

अप्पांनी फळी उचलली. टब काठोकाठ होता, चकती पाण्याखाली चमकत होती. त्यांनी बाहीसकट हात घालून चकती चाचपली, खाच चाचपली, आणि टबाच्या काठावर बसले.

"कुनी बसवलं?"

सासू म्हणाली, "बोटवालीनं."

अप्पांनी ओली बाही पिळली. मग म्हणाले, "यात माझीच चूक हाय. बांधताना मिस्त्री म्हन्ला, अप्पा, टबात जादा पानी झालं की ते या भोकातनं पायपानं बाहेर जातंय. मी म्हन्लो, जादा पानी? बिदरात? अन् त्या पायपाचं खालचं तोंड सिमेंट घालून बुजवलो. पानी भोकात शिरायचं, जायला वाट न्हाई, मग रबरातनं माझ्याच टकलावर."

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला.

"मग कामून सांगितलं न्हाई?" सासूनं विचारलं. ती कुणालाही काहीही विचारते.

"कसं सांगनार? आधीचे भाडेकरू पिण्याच्या पान्यानं मोटारसायकल धुवायचे. तुमच्यासारखे मिळत न्हाईत. मालकानंच बिघडवून ठेवलंय म्हनून तुमी घर सोडून गेलाव म्हंजी?"

इतके दिवस मी वर भीत होते आणि हे खाली, थेंबाखाली बसून, भीत होते.

"न्हाई जात आमी," मी म्हटलं. ते मी म्हटलं की सासू, हे मलाही क्षणभर कळलं नाही. दोघांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे मीच असणार.

अप्पांनी चकतीची किंमत विचारली. मी सांगेना, तेव्हा सासूनं सांगितली. त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि टबाच्या काठावर साबणाच्या डबीखाली ठेवल्या. मी नको म्हणायच्या आत सासूनं त्या उचलल्या, थुंकी लावून मोजल्या आणि चंचीत घातल्या.

"चकतीचं आलं," ती म्हणाली. "रिक्षाचं न्हाई आलं. अडकित्त्याचं न्हाई आलं."

त्याच महिन्यात अक्कांनी ब्लाउज शिवायला दिला, निर्ण्याच्या बहिणीचाही एक. दोन्हींची शिलाई मी हातात आली तशी सासूपुढं ठेवली. ती टबाच्या काठावर बसली होती, नव्या चकतीत दात बघत. तिनं पैसे मोजले, परत मोजले, चंचीची दोरी ओढून गाठ मारली आणि म्हणाली, "उसनं पुरं झालं. आता तुझं माझं काही न्हाई."